दोन लिटर चुकीचं बफर

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प ठरवताना मी सरांना म्हटलं, “सर, चार महिन्यांत उरकेल असं काहीतरी द्या.” त्यांनी फ्रिज उघडून एक स्लँट, म्हणजे तिरप्या जेलीवर बुरशी वाढवलेली नळी, काढला आणि माझ्या हातात ठेवला. आत काजळी सांडल्यासारखी अ‍ॅस्परजिलस नायजर. “ही बुरशी आम्लात प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम) बाहेर टाकते. ते काढायचं, मोजायचं, थोडं शुद्ध करायचं, त्याचे गुणधर्म लिहायचे. झालं.” सरांच्या त्या ‘झालं’ला सात महिने लागले. त्यातला निदान दीड महिना माझ्या एका सवयीपायी गेला.

आदल्या वर्षी मी बॅसिलस या जिवाणूच्या अल्कधर्मी प्रोटिएजवर, म्हणजे अल्कात प्रथिनं तोडणाऱ्या विकरावर, छोटं काम केलं होतं. पीएच (आम्लतेचा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर अल्क) आठवर धरून ठेवणारं ट्रिस बफर, केसीन या दुधातल्या प्रथिनाचं द्रावण, दूध घातलेल्या जेलीवर म्हणजे आगरवर कॉलनीभोवती उमटणारं पारदर्शक कडं, हे सगळं हाताला बसलेलं. तेच हात घेऊन मी बुरशीकडे गेले.

पहिला धक्का आगरच्या बशीतच बसला. स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या आगरवर बुरशी टोचली आणि दोन दिवसांनी बशी उजेडात धरली. कॉलनीभोवती कडं होतं, पण पारदर्शक नाही. उलट बाकीच्या आगरपेक्षाही पांढरं, दाट. मी ते मोजून वहीत ‘क्रिया दिसते’ असं लिहिलंसुद्धा. शेजारच्या टेबलावर पीएचडी करणाऱ्या ताईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हे पचलेलं नाही, फाटलंय.” बुरशी वाढताना आम्लं सोडते. पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनवरचा विद्युतभार शून्यावर येतो आणि ते गोळा होऊन बसतं. मी मोजलं होतं ते फाटलेल्या दुधाचं कडं. वहीतली ओळ खोडली. त्याच दिवशी कळायला हवं होतं की इथे सगळा खेळ आम्लाचा आहे. पण एका बशीवरून कोण शहाणं होतं?

विकर काय चीज आहे ते आधी सांगते. आपल्या जठरातलं पेप्सिन थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये ओळखलं, आणि जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. माझ्या बुरशीचं विकर त्याच घराण्यातलं. या घराण्याला अस्पार्टिक प्रोटिएज म्हणतात. रेणूचे दोन पाळे, मध्ये खोल घळ, आणि त्या घळीच्या तळाशी समोरासमोर दोन अस्पार्टिक आम्लं. पेप्सिनच्या साखळीत मोजत गेलं तर ३२ वं आणि २१५ वं अमिनो आम्ल. दोघांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू धरून ठेवलेला असतो, आणि तोच पाण्याचा रेणू प्रथिनाच्या साखळीवर सोडून ती तोडली जाते. गंमत अशी की काम चालायला या दोन आम्लांपैकी एकाने आपला प्रोटॉन धरून ठेवलेला हवा आणि दुसऱ्याने सोडलेला. अशी जोडी आम्लातच जमते. म्हणून पेप्सिन पीएच दोनच्या आसपास जोरात असतं, आणि बुरशांची बहुतेक विकरं साधारण तीन ते चार या पट्ट्यात. एड्सच्या विषाणूचं प्रोटिएजही याच घराण्यातलं, पण तिथे एकाच रेणूत दोन पाळे नाहीत. दोन सारखे तुकडे एकत्र येतात आणि प्रत्येक जण एकेक अस्पार्टिक आम्ल पुरवतो. हे वाचलं तेव्हा आपला प्रकल्प उगाच मोठा वाटायला लागला होता.

उत्पादनासाठी गव्हाचा कोंडा घेतला. द्रव माध्यमापेक्षा ओलसर घन पदार्थावर बुरशी जास्त खुलते. निसर्गात ती तशीच राहते. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये दहा ग्रॅम कोंडा, त्यात क्षार विरघळवलेलं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने किंचित आंबवलेलं बारा मिली पाणी, म्हणजे ओल साठ टक्क्यांच्या जवळ. ओलीचं गणित वाटतं तेवढं किरकोळ नाही. मुठीत दाबला तर कोंडा एकमेकाला धरून राहावा, पण बोटांतून पाणी निघू नये. पाणी जास्त झालं की कणांमधली हवा जाते, गच्च लगदा होतो आणि जिवाणूंचं फावतं. कमी झालं की बुरशी उगवते, पण पसरत नाही. १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, फ्लास्क थंड होईपर्यंत बीजाणू काढायला घेतले.

हे बीजाणू म्हणजे एक वैतागच. नुसतं निर्जंतुक पाणी ओतलं तर ते पाण्यावर काजळीसारखे तरंगतात, भिजतच नाहीत. त्यांच्या कवचावर पाणी न धरणाऱ्या प्रथिनांचा थर असतो. पाण्यात साबणासारख्या ट्वीन ८० चे नखाएवढे थेंब घातले की मग कुठे ते खाली उतरतात आणि द्रावण धुरकट काळं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली हिमोसायटोमीटर या चौकटी आखलेल्या काचेवर मोजून दर ग्रॅम कोंड्याला साधारण एक कोटी बीजाणू पडतील इतकं घातलं. मास्क लावून, लॅमिनार या गाळलेल्या हवेच्या कपाटातच. या बुरशीचे काही वाण ऑक्राटॉक्सिनसारखी विषं करतात आणि बीजाणू फुप्फुसात गेलेले कोणालाच नको असतात. मी पहिल्या आठवड्यात निष्काळजीपणे एक फ्लास्क उघड्यावर हलवला, तर पुढचे पंधरा दिवस ताईंच्या यीस्टच्या बशांवर काळे ठिपके उगवत होते. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त प्रत्येक बशी माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या.

तीस अंशांवर पहिल्या दिवशी फ्लास्कमध्ये काहीच दिसत नाही. काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि तळाला हात लावला तर कोमट लागतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोंड्याच्या फोलपटांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात आणि संध्याकाळी सगळा कोंडा एक सलग वडी होतो. फ्लास्क तिरका केला तर ती अख्खी घसरते. तिसऱ्या दिवशी पिवळसर झाक, मग काळे ठिपके. मला हा दुसऱ्या दिवसाचा पांढरा टप्पा फार आवडायचा.

फ्लास्कमध्ये जमलं म्हणून उत्साहाने एकदा पसरट ट्रेमध्ये अर्धा किलो कोंडा लावला. तिसऱ्या दिवशी कडेला सुंदर वाढ आणि मध्यभागी थर उपटून पाहिला तर करपल्यासारखा कोरडा, तंतू मेलेले. बुरशी श्वास घेते तशी उष्णता सोडते, आणि कोंडा ती बाहेर जाऊ देत नाही. मोठ्या कारखान्यांत म्हणूनच थर पातळ ठेवतात आणि ओलसर हवा खेळवतात. आमच्याकडे पंखासुद्धा नव्हता. परत फ्लास्कवर.

ज्या दिवशी काढायचं त्या दिवशी प्रत्येक फ्लास्कमध्ये पाणी घालून तासभर हलवायचं, मलमलच्या कापडातून पिळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा तपकिरी अर्क घ्यायचा. हा अर्क म्हणजे कच्चं विकर. आता मोजणी.

केसीन इथे जवळपास निरुपयोगी. ज्या पीएचला विकर खूश, तिथे केसीन एक तर गोळा होतं नाहीतर कुरकुरत विरघळतं. म्हणून १९३८ मध्ये अ‍ॅन्सन यांनी बसवलेली हिमोग्लोबिनची पद्धत घेतली. हिमोग्लोबिन आम्लात उलगडून जातं पण द्रावणात राहतं. पीएच तीनला त्याचं तपकिरी द्रावण, ३७ अंश, त्यात अर्क, तीस मिनिटं, मग ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल. अख्खं हिमोग्लोबिन चटकन साका होऊन खाली बसतं, तुटलेले छोटे तुकडे वर राहतात. वरचं गाळून फोलिनच्या अभिक्रियाकारकाने निळा रंग आणायचा आणि टायरोसीन या अमिनो आम्लाच्या आलेखावर मोजायचा. (ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाचा थेंब बोटावर पडला तर कातडी पांढरी पडते आणि दोन दिवसांनी सोलून निघते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.)

पहिल्याच फेरीत आकडे इतके मोठे आले की मी सरांना बोलावलं. सरांनी एकच विचारलं, “ब्लँक कसा केलास?” ब्लँक, म्हणजे आकड्यातून वजा करायची तुलनेची नळी. त्यात मी विकराऐवजी पाणी घातलं होतं. कोंड्याच्या अर्कात फिनॉलयुक्त पदार्थ भरपूर असतात, तेही फोलिनबरोबर निळे होतात, आणि बुरशीने आधीच पचवलेल्या कोंड्याच्या प्रथिनांचे तुकडे असतातच. म्हणजे माझ्या आकड्यातला बराचसा भाग नुसता कोंडाच होता. खरा ब्लँक असा: हिमोग्लोबिनमध्ये आधी ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल, मग अर्क. सगळे घटक तेच, फक्त विकराला कामाची संधी नाही. नव्या ब्लँकने आकडे जमिनीवर आले, पण शून्य झाले नाहीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा खात्रीने म्हणता आलं की विकर आहे.

मग रोज एक फ्लास्क उपसून विकराची क्रिया, म्हणजे ते किती जोरात काम करतं, आणि पीएच दोन्ही लिहायला लागले. पीएच पहिले तीन दिवस उतरत गेला, क्रिया चढत गेली. चौथ्या दिवशी शिखर. पाचव्या-सहाव्या दिवशी पीएच परत वर सरकायला लागला, कारण प्रथिनं पचून अमोनिया सुटायला लागतो, आणि क्रिया घसरली. हा आलेख काढताना मला दोन रेघा एकमेकींच्या आरशासारख्या दिसत होत्या. तरीही माझं डोकं म्हणत होतं, बुरशीला आम्लाचा त्रास होत असेल, तो कमी केला तर जास्त वाढेल, जास्त वाढली तर जास्त विकर.

म्हणून द्रव माध्यमात तुलना लावली. एका फ्लास्कचा पीएच चारपासून सुरू करून मोकळा सोडला, दुसऱ्याला फॉस्फेट बफर घालून साडेसहावर बांधून ठेवलं. साडेसहाच्या फ्लास्कमध्ये बुरशी मस्त वाढली, गोल गोल मोत्यांसारख्या गोळ्या, वाळवून वजन केलं तर पहिल्यापेक्षा जास्तच. आणि आम्लात काम करणारं विकर? नावाला. ताईंनी तेव्हा पॅकसी समजावून सांगितलं. बुरशीच्या पेशीत पॅकसी नावाचं नियंत्रक प्रथिन असतं. बाहेरचं वातावरण उदासीन किंवा अल्कधर्मी झालं की ते कापलं जाऊन चालू होतं, अल्कात चालणाऱ्या विकरांची जनुकं उघडतं आणि आम्लातल्यांची दाबतं. म्हणजे बुरशी आधी बाहेरची हवा पाहते आणि मग त्या हवेत चालेल तेच हत्यार बाहेर काढते. शिवाय आयती साखर किंवा अमोनियम भरपूर असेल तर ती हे विकर करण्याचे कष्टच घेत नाही. मी मात्र बफर घालून तिला सांगत होते की आम्लाची काळजी करू नकोस, आणि ती ऐकत होती.

आता खरी फजिती. कोंड्याचा भरपूर अर्क गोळा करून अमोनियम सल्फेटने प्रथिनं बसवली, साका थोड्या पाण्यात विरघळवला. क्रिया उत्तम. आता सल्फेट काढायला डायलिसिस: बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत अर्क भरून ती बफरमध्ये बुडवायची, सल्फेट बाहेर जातं, प्रथिनं आत राहतात. पिशवीला गाठ मारली, दोन लिटरच्या बीकरमध्ये बफर भरलं, थंड खोलीत चुंबकावर फिरत ठेवलं आणि घरी गेले. सकाळी पिशवीतलं मोजलं. शून्य. वाटलं, पिशवी फुटली. फुटली नव्हती. प्रथिन मोजलं, जवळपास तेवढंच. मग मोजणीतच चूक असेल म्हणून हिमोग्लोबिन नवं केलं. शून्य. पुन्हा नवा कोंडा, पुन्हा पाच दिवस, पुन्हा साका, पुन्हा डायलिसिस, पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी मी विकर स्वतःलाच खात असेल असा सिद्धांत मांडला. तो अगदीच खोटा नव्हता, अशी विकरं स्वतःला खातात, पण प्रथिनाचं प्रमाण तसंच राहिलं असताना तो टिकत नव्हता.

चौथ्या वेळी ताई थंड खोलीत माझ्याबरोबर आल्या. बीकरवरची चिकटपट्टी वाचली. माझ्याच अक्षरात: ट्रिस, ८.०. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बीकरकडे पाहिलं. आदल्या वर्षीची बाटली, आदल्या वर्षीची कृती, हाताने आपोआप केलेली.

या विकरांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लं खूप आणि अल्कधर्मी कमी. आम्लात त्या गटांनी प्रोटॉन धरलेले असतात, म्हणून रेणू शांत घडी घालून बसतो. पीएच वर गेला की सगळे एकदम ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि घडी उसवते. एकदा उसवली की परत आम्लात आणून उपयोग नाही. पेप्सिनचंही तसंच. मी ते करून पाहिलं, कारण हार मानवत नव्हती: मेलेला अर्क पीएच तीनला आणून रात्रभर ठेवला. सकाळी तसाच मेलेला. प्रथिन होतं, विकर नव्हतं. रंगही तोच, वासही तोच. हे मला फार विचित्र वाटलं होतं. फुटलेली चंचुपात्रं दिसतात, करपलेला कोंडा दिसतो, हे काहीच दिसत नाही.

पाचव्या वेळी अ‍ॅसिटेट बफर, पीएच ४.५. सकाळी हातमोजे घालायलाही थांबले नाही. क्रिया जवळपास पूर्ण होती.

तिथून पुढचं काम सरळ गेलं. क्रियेचं शिखर पीएच तीनच्या थोडं वर आलं, पाच ओलांडला की उतार, साडेसहाला मोजण्यासारखं काही नाही. पन्नास अंशांवर काम जोरात, साठ अंशांवर ठेवलं तर मिनिटांतच गळपटायचं.

सरांच्या आग्रहावरून दुधावरही एक चाचणी केली, आणि ती मी नंतर कितीतरी वेळा नुसती मजा म्हणून केली. दुधाच्या भुकटीच्या द्रावणात थोडं कॅल्शियम क्लोराइड, ३५ अंश, अर्काचा एक भाग, आणि परीक्षानळी हळूहळू गोल फिरवत राहायची. बराच वेळ काचेवरून दुधाचा पातळ, सलग पडदा ओघळत राहतो. मग एका क्षणी त्या पडद्यात रव्यासारखे बारीक कण दिसतात, आणि घड्याळ थांबवेपर्यंत सगळं धरलेलं असतं. दुधाच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या कॅपा केसीनचा १०५ आणि १०६ या अमिनो आम्लांमधला दुवा तुटला की हे होतं. वासरांच्या जठरातून मिळणारं, दूध धरवणारं रेनेट अपुरं पडायला लागलं तेव्हा जपानमध्ये १९६० च्या दशकात केइ आरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कामासाठी म्युकर पुसिलस ही बुरशी निवडली. पुढे म्युकर मिहेईचं विकर जगभर चीजसाठी वापरलं गेलं. माझ्या विकराला तिथे कोणी उभं केलं नसतं. ते एका जागी कापून थांबत नाही, इकडेतिकडे कापत सुटतं, आणि तसे तुकडे कडू लागतात. नळी तासभर तशीच ठेवली तर धरलेलं दूध पुन्हा पातळ व्हायला लागायचं.

दुसऱ्या एका ठिकाणी तर हेच विकर नकोसं असतं. अ‍ॅस्परजिलसकडून बाहेरची प्रथिनं करवून घेतात तेव्हा बुरशीची स्वतःची आम्ल प्रोटिएजं तीच प्रथिनं खाऊन टाकतात, म्हणून त्यांचं जनुकच काढून टाकलेले वाण वापरतात. मी सात महिने जे वाचवायला धडपडत होते, ते नष्ट करण्यात काही लोकांची कारकीर्द गेली आहे.

शेवटी अवरोधकांची, म्हणजे विकरं बंद पाडणाऱ्या रसायनांची, चाचणी उरली. हामाओ उमेझावा यांच्या गटाने १९७० मध्ये स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंमधून काढलेलं पेप्स्टॅटिन या घराण्याच्या घळीत जाऊन घट्ट बसतं. ते घातलं आणि क्रिया कोसळली. बॅसिलसच्या विकराला मारणारं पीएमएसएफ घातलं तर फारसा फरक नाही, धातू धरून ठेवणाऱ्या ईडीटीएने काहीच नाही. घराणं पक्कं झालं. पण पेप्स्टॅटिन घालूनही थोडी क्रिया उरत होती. मात्रा दुप्पट केली, चौपट केली, तेवढीच उरली. पीएमएसएफ त्यात मिसळलं तर त्या उरलेल्यातला थोडा भाग आणखी गेला, बहुधा टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवणारं कार्बोक्सिपेप्टिडेज. तरी काहीतरी राहिलंच.

ताईंनी आकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आत आणखी कोणीतरी आहे गं.” असू शकतं. अ‍ॅस्परजिलस नायजरच्या काही वाणांत ग्लुटामिक प्रोटिएज सापडलं आहे. तेही आम्लातच काम करतं, पण अस्पार्टिक जोडीच्या जागी ग्लुटामिक आम्ल आणि ग्लुटामीन वापरतं आणि पेप्स्टॅटिनला दाद देत नाही. ते वेगळं काढायला प्रथिनं अलग करणारा स्तंभ (कॉलम) लावायला हवा होता, आणि माझ्याकडे प्रबंध बांधायला देण्यापूर्वी नऊ दिवस होते. उरलेला अर्क छोट्या नळ्यांत भरून उणे वीसला ठेवला. प्रत्येक नळीवर तारीख, फ्लास्कचा क्रमांक, आणि मोठ्या अक्षरात: अ‍ॅसिटेट, ४.५.